ऑइलच्या उष्णतेचा सेंडर बसवावा कुठे?

पूर्णगडच्या एका वाहनमालकाची जीप ऐन हंगामात आंबा घाटात बंद पडली. गाडीत हापूसच्या पेट्या होत्या आणि माल कोल्हापूरला पोहोचवायचा होता. साखरपा मागे पडल्यावर चढणीला लागताच रेडिएटरचा रबरी पाइप फुटला आणि बघता बघता सगळे पाणी रस्त्यावर गेले. उष्णतेचा काटा आधी वर चढला आणि मग आपोआप खाली आला. चालकाला वाटले, गाडी थंड झाली. त्याने गाडी तशीच रेटली. पुढच्या काही मिनिटांत इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले आणि इंजिन जाम झाले. बेअरिंगे गेली, क्रँक गेला, आणि दुरुस्ती होईपर्यंत हंगामही गेला.

दुसऱ्या वर्षी त्याने निश्चय केला की आता ऑइलच्या उष्णतेचे वेगळे मीटर बसवायचेच. भावाने दुबईहून मीटर आणि सेंडर पाठवला. गावाकडच्या कारागिराने तो बसवूनही दिला. मात्र त्यानंतर काटा कायम साठ अंशांच्या आसपास राहू लागला. सपाटीला साठ, घाटातही साठ. मालक खूश होता. आमची भेट झाली तेव्हा तो म्हणाला, "भाई, ऑइल अगदी थंड राहते बघा." आम्हाला शंका आली. लांब पल्ल्यावरून गाडी परतताच आम्ही डिपस्टिकच्या नळीतून मल्टिमीटरची उष्णता मोजणारी तार चेंबरमध्ये सोडली. ऑइल होते एकशे बारा अंशांवर. मीटर चांगले होते, सेंडरही चांगला होता. चुकली होती ती बसवण्याची जागा.

मोटारीच्या धंद्यातील आमच्या अनेक बांधवांच्या हातून हीच चूक होते. म्हणून हा विषय या वेळी जरा सविस्तर मांडत आहोत. गॅरेजवाले, लेथवर काम करणारे टर्नर, सुट्या भागांचे दुकानदार आणि स्वतःची गाडी धंद्याला लावणारे व्यापारी या सर्वांनाच तो उपयोगी पडेल.

पाण्याचा काटा पुरेसा का नाही?

गाडीच्या डॅशबोर्डवर जो उष्णतेचा काटा असतो तो इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो. त्याचा सेंडर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरे सांगतो. पाणीच निघून गेले की सेंडर नुसत्या हवेत किंवा वाफेत लोंबकळतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. वर सांगितलेल्या जीपचे तेच झाले. ऑइल मात्र तेव्हाही इंजिनात फिरत असते आणि प्रत्येक गरम भागाला स्पर्श करून येत असते. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, याची खबर त्या वेळी त्याच्याकडूनच मिळते.

दुसरे असे की, पाणी लवकर तापते आणि ऑइल सावकाश. पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो. तो साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सियसला उघडतो आणि पाण्याची उष्णता एका पातळीवर धरून ठेवतो. पूर्णगडहून पावस बाजारापर्यंत जाईतो पाण्याचा काटा मध्यावर आलेला असतो, पण ऑइल तेव्हा पन्नास-साठ अंशांवरच असू शकते. उलट घाटात भरल्या गाडीने चढताना पाण्याचा काटा मध्यावरच थांबलेला दिसतो आणि ऑइल शंभराच्या बरेच पुढे गेलेले असते. अलीकडच्या गाड्यांत तर हा काटा मुद्दामच मध्यावर स्थिर दिसेल असा केलेला असतो. फरक पडतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

ऑइलची उष्णता इतकी महत्त्वाची का, हे डब्यावरचा नंबरच सांगतो. १५ डब्ल्यू ४० या नावातील ४० हा आकडा १०० अंश सेल्सियसला ऑइल किती दाट राहते यावरून दिलेला असतो. त्या उष्णतेला चाळीस नंबरच्या ऑइलचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावा लागतो. तेच ऑइल १३० अंशांवर गेले की त्याचा दाटपणा जवळपास निम्म्यावर येतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो त्याच्यावरच सगळे वजन तोललेले असते. तो थर फाटला की धातूवर धातू घासतो. शिवाय जास्त उष्णतेत ऑइल लवकर जुने होते. उष्णता दर दहा अंशांनी वाढली की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब या विद्येत सांगितला जातो.

दाब आणि उष्णता यांतला फरक

आता मुख्य मुद्दा. त्या कारागिराने सेंडर कुठे बसवला होता? इंजिनाच्या बाजूला ऑइल प्रेशरचे बटण असते. ते काढून त्याने त्या जागी पितळी टी बसवली. टीच्या एका तोंडाला जुने बटण आणि दुसऱ्या तोंडाला नवा सेंडर. काम दिसायला सुबक होते, गळतीही नव्हती. पण टीच्या आत ऑइल फिरत नाही. ते आत शिरते आणि तिथेच थांबते, कारण पुढे वाट बंद आहे.

घरच्या नळाचे उदाहरण घ्या. दुपारी नळ बंद असतो तेव्हाही पाइपात पाण्याचा दाब असतोच. पाणी वाहो अथवा न वाहो, दाब शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतो. पण नळ उघडल्यावर पहिले पाणी गरम येते. ते उन्हात तापलेल्या पाइपात साचून राहिलेले असते. टाकीतले खरे गार पाणी नंतर येते. म्हणजे बंद टोकाला टाकीचा दाब कळतो, टाकीतल्या पाण्याची उष्णता कळत नाही. ती जाणून घ्यायची तर पाणी वाहते पाहिजे.

इंजिनातही तसेच आहे. प्रेशरचा सेंडर बंद टोकाला बसवला तरी चालतो. उष्णतेचा सेंडर मात्र फिरत्या ऑइलमध्ये बुडालेलाच हवा. टीमधले साचलेले ऑइल बाहेरच्या हवेने थंड होते, पितळही उष्णता बाहेर टाकते, आणि काटा खऱ्यापेक्षा कितीतरी कमी दाखवतो. कारागीर बांधवांनी हा एकच नियम लक्षात ठेवला तरी निम्मे काम झाले. सेंडरचे टोक वाहत्या किंवा सतत ढवळल्या जाणाऱ्या ऑइलमध्ये असले पाहिजे.

या नियमाला उतरणाऱ्या तीन जागा आहेत. प्रत्येकीचे गुण आहेत आणि प्रत्येकीची जोखीमही आहे.

जागा पहिली : चेंबरची बाजू

इंजिनाच्या तळाशी जे ऑइलचे चेंबर असते त्याच्या बाजूला आट्यांचा एक गोल तुकडा वेल्डिंग करून बसवायचा आणि त्यात सेंडर घट्ट करायचा. आमच्या मते धंद्याच्या गाडीला ही सर्वांत भरवशाची जागा. पिस्टन, बेअरिंग, हेड या सगळ्या भागांना भेटून परत आलेले ऑइल इथे एकत्र मिसळते. म्हणून इथला आकडा साऱ्या इंजिनाचा हिशेब सांगतो.

जागा ठरवताना घाई करू नये. सेंडर डिपस्टिकच्या खालच्या खुणेपेक्षा बराच खाली हवा, म्हणजे ऑइल थोडे कमी असले तरी टोक बुडालेले राहील. अगदी तळालाही नको, कारण तिथे गाळ बसतो. तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठीक असते. चढणीला ऑइल मागे सरकते आणि उताराला पुढे. तेव्हा ऑइल ओढणारी जाळी ज्या खोल भागात असते त्याच्या जवळची बाजू निवडावी. आतल्या बाजूला क्रँकची वजने फिरतात, जाळीची नळी असते, काही इंजिनांत पत्र्याचा आडपडदा असतो. सेंडरचे टोक यांपैकी कशालाही लागता कामा नये. शंका असेल तर आत मातीचा किंवा मेणाचा गोळा चिकटवून चेंबर लावून पाहावे, इंजिन हाताने फिरवावे आणि परत उघडून गोळा दबला का ते तपासावे. बाहेरच्या बाजूला सायलेन्सरचा पाइप जवळ नको, आणि पुढच्या चाकाने उडालेला दगड थेट लागेल अशी जागाही नको. आपल्याकडचे जांभ्याचे रस्ते आणि गावाच्या वाटेवरचे उंचवटे सगळ्यांना माहीत आहेत.

वेल्डिंगबाबत एक कळकळीची सूचना. चेंबर गाडीला असताना वेल्डिंग करूच नये. आतल्या ऑइलच्या वाफेला आग लागू शकते. चेंबर खाली उतरवावे, आतून-बाहेरून स्वच्छ धुवावे, वाळवावे आणि मगच हात घालावा. पोलादी पत्र्याचे चेंबर गावातला चांगला वेल्डर करू शकतो. ॲल्युमिनियमचे ओतीव चेंबर असेल तर ते आर्गन वेल्डिंगवाल्याकडेच न्यावे. काम झाल्यावर गळती तपासण्याची जुनी युक्ती आजही उत्तम आहे. जोडाला बाहेरून खडूची पूड लावावी आणि आत रॉकेल किंवा डिझेल भरून काही तास ठेवावे. खडूवर ओला डाग दिसला तर जोड परत करावा. आतला लोखंडी कीस, वेल्डिंगचे मणी आणि खडूची पूड पूर्ण साफ केल्याशिवाय चेंबर चढवू नये. एक बारीक मणी पंपात गेला तर मीटर बसवण्याचा सगळा हेतूच फुकट जाईल.

जागा दुसरी : ड्रेन बोल्ट

चेंबरच्या तळाशी ऑइल काढण्याचा बोल्ट असतो. तो काढून त्याच मापाच्या आट्यांचा सेंडर त्या जागी बसवता येतो. ना भोक पाडायचे, ना वेल्डिंग. गाडी विकताना जुना बोल्ट परत लावला की झाले. ही जागा सदैव ऑइलमध्ये बुडालेली असते, त्यामुळे आकडाही बऱ्यापैकी खरा मिळतो. धावत्या गाडीत तळाला वारा लागत असल्याने तो चेंबरच्या मधल्या आकड्यापेक्षा काही अंश कमी असू शकतो.

दोष दोन. पहिला, सेंडर खाली लोंबतो आणि दगडाला किंवा उंचवट्याला लागू शकतो. तो तुटला तर सगळे ऑइल रस्त्यावर. ज्या गाडीला खाली लोखंडी गार्ड आहे किंवा ज्या चेंबरचा बोल्ट आडवा, बाजूने आहे तिथेच ही जागा निवडावी. दुसरा, प्रत्येक वेळी ऑइल बदलताना वायर काढावी लागते. विसरून पाना फिरवला तर वायर पिळली जाते.

काही टर्नर बंधू जुना बोल्टच लेथवर पोकळ करून त्यात सेंडरचे आटे काढतात. इथे मापाचा हिशेब बघा. अनेक छोट्या गाड्यांचा ड्रेन बोल्ट १४ मिलिमीटरचा, दीड पिचचा असतो. त्याच्या आट्यांच्या मुळाशी व्यास उरतो सुमारे १२ मिलिमीटर. त्यात १० मिलिमीटरचे आटे काढले तर भिंत जेमतेम एक मिलिमीटर राहते. घट्ट करताना अशी भिंत चिरते, आणि चिरली नाही तर घाटात हादऱ्याने चिरते. १८ मिलिमीटरच्या बोल्टात हेच काम केले तर भिंत सुमारे तीन मिलिमीटर राहते आणि ते चालते. गिऱ्हाईक आग्रह करील, पण मापाने परवानगी दिली तरच काम घ्यावे.

जागा तिसरी : फिल्टरखालची प्लेट

इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसणारी, सेंडरसाठी भोके असलेली ॲल्युमिनियमची जाड प्लेट तयार मिळते. पंपाने ढकललेले ऑइल फिल्टरकडे जाताना हिच्यातून जाते. त्यामुळे प्रवाह सतत असतो आणि पुढे बेअरिंगकडे निघालेल्या ऑइलची उष्णता कळते. दाबाचा सेंडरही त्याच प्लेटवर बसतो. ज्या गाडीचे चेंबर उतरवणे अवघड आहे तिथे ही सोय मोठी.

पण इथे ऑइल दाबाखाली असते हे विसरू नये. चेंबरमधून थेंब थेंब गळेल, प्लेटमधून पिचकारी उडेल आणि काही मिनिटांत इंजिन कोरडे पडेल. म्हणून प्लेटचा रबरी वायसर नवा, जागा स्वच्छ आणि मधला बोल्ट सांगितलेल्या जोराने घट्ट केलेला हवा. जुन्या फिल्टरचा वायसर इंजिनाला चिकटून राहिलेला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. प्लेटमुळे फिल्टर साधारण एक इंच बाहेर येतो. तो ॲक्सलला, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा बॉडीला लागत नाही याची खात्री करावी.

प्लेट आणि फिल्टर यांचे आटे जुळतात का, हे दुकानदाराने हाताने लावून दाखवावे. २० मिलिमीटर दीड पिच आणि पाऊण इंच सोळा आटे ही दोन मापे डोळ्यांना सारखीच दिसतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. मोठ्या आट्याचा फिल्टर लहान बोल्टावर सैल चढतो, बसल्यासारखा वाटतो आणि दाब आला की निखळतो.

गाडीला ऑइल कूलर असेल तर आणखी एक गोष्ट. कूलरच्या आधी आणि नंतर उष्णता वेगवेगळी असते. कूलर काम करतो की नाही हे बघायचे असेल तर परतीच्या पाइपात सेंडर लावावा. इंजिन किती तापते हे बघायचे असेल तर चेंबरमध्ये लावावा. दोन गाड्यांच्या आकड्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींचे सेंडर एकाच जागी आहेत का, हे आधी विचारावे. एकाचा चेंबरमधला आकडा आणि दुसऱ्याचा प्लेटमधला आकडा यांची बरोबरी होत नाही.

ज्या जागा टाळाव्यात

टीची गोष्ट वर आलीच. तिच्यात आणखी एक धोका आहे. टीवर दोन सेंडरचे वजन लोंबते आणि इंजिनाच्या थरथरीने पितळ मानेत तुटते. हेडवरच्या झाकणात सेंडर लावू नये, कारण तिथे ऑइलचे फक्त शिंतोडे उडतात. चेंबरला बाहेरून पट्टीने बांधलेला सेंडर पत्र्याची उष्णता सांगतो, ऑइलची नव्हे. डिपस्टिकच्या जागी घालायचा सेंडरही मिळतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांवर परदेशात तो पूर्वीपासून वापरला जातो. पण त्याची लांबी अचूक हवी आणि दर वेळी ऑइलची पातळी पाहताना तो काढावा लागतो. शेवटी, माप जुळेना म्हणून एकावर एक दोन-तीन अडॅप्टर चढवू नयेत. तसे केल्याने सेंडरचे टोक प्रवाहातून मागे ओढले जाते आणि चांगली जागाही टीसारखीच होऊन बसते.

आट्यांचा घोळ

दुबईहून किंवा मुंबईच्या बाजारातून आणलेल्या सेंडरवर नुसते 'एक अष्टमांश' असे लिहिलेले असते. इथे फसगत होते. अमेरिकी पद्धतीच्या या मापात इंचाला २७ आटे असतात आणि त्यांचा कोन ६० अंशांचा. ब्रिटिश पद्धतीच्या मापात इंचाला २८ आटे आणि कोन ५५ अंशांचा. अनेक जपानी बनावटीच्या इंजिनांत हे दुसरे माप असते. एकात दुसरे दोन-तीन फेरे सहज जाते आणि मग अडते. पान्याने जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे उतरतात किंवा ओतीव भाग चिरतो. तिसरे माप १० मिलिमीटर एक पिचचे. तेही जवळपास तेवढेच दिसते. आटे मोजण्याची पट्टी फार महाग नसते, ती प्रत्येक गॅरेजात असलीच पाहिजे. निमुळते आटे स्वतःच घट्ट बसून गळती थांबवतात, त्यांना फार जोर लावू नये. सरळ आट्यांना तांब्याचा वायसर लागतो. जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवला तर तो मऊ होतो आणि पुन्हा वापरता येतो.

अर्थिंग आणि खारी हवा

एका वायरच्या सेंडरचा दुसरा जोड इंजिनाच्या धातूतूनच बॅटरीच्या निगेटिव्हला जातो. आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली तर हा जोड कच्चा राहू शकतो. शिवाय टेपचे तुकडे ऑइलच्या वाटेत अडकतात. मुचकुंदीच्या मुखाशी, खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या आपल्या गाड्यांना तर दोन पावसाळ्यांत प्रत्येक बोल्टावर गंज चढतो. जोड कच्चा झाला की काय होते ते नीट समजून घ्या. बहुतेक सेंडरमध्ये उष्णता वाढते तसा विजेचा विरोध कमी होतो. कच्च्या जोडाने विरोध वाढला की मीटरला वाटते, ऑइल थंड आहे. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या दिशेने होते. उलट, वायर घासून बॉडीला लागली तर काटा एकदम टोकाला जातो. ती चूक निदान लक्षात तरी येते.

म्हणून सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर लावून जोड तपासावा. शंका असल्यास चेंबरच्या बोल्टापासून बॉडीपर्यंत वेगळी वायर टाकावी आणि जोडांवर ग्रीस लावावे. दोन वायरचा सेंडर मिळत असेल तर समुद्रकाठच्या गाडीला तोच घ्यावा. मीटर आणि सेंडर नेहमी एकाच कंपनीचे, एकाच जोडीचे हवेत. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचे मीटर लावले तर आकडा कितीही सुंदर दिसला तरी त्याला अर्थ नाही.

उकळत्या पाण्याची परीक्षा

बसवण्यापूर्वी सेंडरची परीक्षा घ्यावी. तिला खर्च काही नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, सेंडरला मीटरची वायर जोडा, त्याचे अंग दुसऱ्या वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा आणि फक्त टोक पाण्यात धरा. पूर्णगड समुद्रसपाटीला आहे, म्हणजे तिथे पाणी १०० अंशांना उकळते. काटा दोन-चार मिनिटांत शंभरावर आला पाहिजे. कोल्हापूरला हीच परीक्षा घेतली तर गाव उंचावर असल्याने पाणी सुमारे ९८ अंशांना उकळेल. थोडा फरक असेल तर तो कागदावर लिहून ठेवावा. मोठा फरक असेल तर सेंडर दुकानदाराला परत करावा. गिऱ्हाइकासमोर ही परीक्षा घेतली की त्याचाही विश्वास बसतो.

आकड्यांचा अर्थ

बसवून झाल्यावर मालकाला आकड्यांचा अर्थ सांगणे हेही कारागिराचेच काम. ढोबळमानाने, ऑइल ८० अंशांच्या खाली असताना इंजिनावर फार जोर देऊ नये. ९० ते ११० ही रोजची चांगली स्थिती. भरल्या गाडीने घाट चढताना ११० ते १२० झाले तरी घाबरण्याचे कारण नाही. १२० च्या पुढे गेले की पाय हलका करावा, खालचा गिअर घ्यावा, वेग कमी करावा. १३० ओलांडले तर सुरक्षित जागा पाहून थांबावे. अशा वेळी इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटे रिकामे चालू ठेवावे, विशेषतः टर्बो असेल तर. मात्र ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, ठोके येऊ लागले किंवा पाणी निघून गेलेले दिसले तर क्षणाचाही विलंब न करता इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. एखाद्या गाडीच्या कंपनीने पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच मानावी.

कमी आकड्याचेही महत्त्व आहे. जी गाडी रोज फक्त पाच-सात किलोमीटर चालते तिचे ऑइल कधी नीट तापतच नाही. आपल्या पावसाळ्यात इंजिनात जमलेले दव उडून जात नाही, आणि ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधासारखा चिकट थर दिसतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी रत्नागिरीपर्यंत सलग चालवावी, काटा नव्वदच्या वर काही वेळ राहू द्यावा. तरीही दूध दिसत राहिले तर हेड गॅस्केट तपासावे.

नव्या गाड्या

भारतात एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांचा सारा कारभार संगणकावर चालतो. त्यांपैकी काहींत ऑइलच्या उष्णतेचा आकडा संगणकाकडे आधीपासूनच असतो आणि तपासणीच्या सॉकेटला यंत्र जोडून तो मोबाइलवरही पाहता येतो. काही गाड्यांत तो आकडा सेंडरने मोजलेला नसून हिशेबाने काढलेला असतो, एवढे ध्यानात ठेवावे. अशा गाडीत वॉरंटी चालू असताना भोक पाडणे किंवा वायर कापणे टाळावे. आधी यंत्र लावून पाहावे, मग ठरवावे.

कारागीर बांधवांना दोन शब्द

हे मीटर प्रत्येक गाडीला लागत नाही. बाजारहाटापुरती फिरणारी गाडी त्याच्याशिवाय सुखाने चालेल. आंबा किंवा मासळी घेऊन घाट चढणारी, ट्रेलर ओढणारी, टर्बो असलेली, किंवा एकदा तापून दुरुस्त झालेली गाडी असेल तर जरूर बसवावे. गरज नसेल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. एका कामाचे पैसे जातील, पण तेच गिऱ्हाईक आणखी चार जणांना घेऊन येईल. काम केल्यावर सेंडर कुठे बसवला, आटे कोणते, उकळत्या पाण्यात काटा कितीवर आला, हे एका कागदावर लिहून गाडीत ठेवावे. दुसऱ्या गावातल्या कारागिराला तो कागद उपयोगी पडतो. पहिल्या दिवशी इंजिन दहा मिनिटे उभ्यानेच चालवून गळती पाहावी आणि पन्नास किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून पुन्हा पाहावी.

पूर्णगडच्या जीपचे चेंबर पोलादी पत्र्याचे होते. आम्ही ते उतरवून घेतले, मागच्या खोल भागाच्या बाजूला आट्यांचा तुकडा वेल्डिंग करून घेतला, खडू लावून रात्रभर डिझेल भरून ठेवले आणि सकाळी तोच दुबईचा सेंडर त्यात बसवला. टी काढून टाकली, प्रेशरचे बटण आपल्या जागी गेले. पुढच्या हंगामात मालकाने पेट्या भरून परत तोच घाट धरला. अर्ध्या चढणीला काटा १२२ वर गेला. त्याने गिअर खाली घेतला, थोड्या वेळाने मोकळ्या वळणावर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले. पंख्याचा पट्टा ढिला झाला होता. तो घट्ट करून गाडी पुढे निघाली आणि माल संध्याकाळच्या आत कोल्हापूरला उतरला.